चोक

सिक्स्तेनच्या दुकानात मी म्हटलं, सगळ्यात मोठा पंप दे.
त्यानं चष्म्यावरून बघितलं.
"माय-ब्रिट, सलाइन लावताना
सगळ्यात जाड सुई मागतेस का तू?"

नाही मागत.
लिक्सेलेच्या इस्पितळात छत्तीस वर्षं रात्रपाळी,
शीर बघून सुई, वजन बघून थेंब.
पण गाडीपुढे माणूस खुळावतं,
तेही बाबांच्या गाडीपुढे:
सदुसष्टची व्होल्वो अ‍ॅमेझॉन, राखी-निळी,
आणि तिच्या पोटात आता
बर्फात घसरून मोडलेल्या कुणाच्या तरी गाडीचं
पाच सिलिंडरचं टर्बो इंजिन.

जुनं इंजिन सोशिक होतं.
कॅमच्या एका ठोशाला एक घोट,
दाब म्हणाल तर पाव बार,
वाटीनं दूध पाजल्यासारखा.
ह्याला तीन बार हवेत.
चढावर, उतारावर, उणे तीसमध्ये, तीनच.
कमी पडलं तर हे रुसत नाही,
पिस्टन वितळवतं.

"कागद काढ," सिक्स्तेन म्हणाला,
"टाकीपासून सुरू कर. लोक इंजिनापासून सुरू करतात,
मग रस्त्याच्या कडेला उभे राहून मला फोन करतात."

सहा मिलिमीटरची नळी, बाबांनी गुडघ्यावर वाकवलेली.
आठची लागेल.
परतीची नळी नव्हतीच.
त्या काळच्या गाड्यांना उरलेलं परत करायची सवय नव्हती.
रबर सगळं बदल:
आपण भरणार इथेनॉल, आणि ते जुनं रबर आतून खातं,
बाहेरून कातडी तुकतुकीत.
(असे पेशंट मी पाहिलेत.)
गाळण्या दोन, आधी जाड, मग बारीक.
रेग्युलेटर. आणि पंप मधला,
कारण मोठा पंप तेच तेच पेट्रोल फिरवत बसतो, तापवतो,
आणि बसव खाली, टाकीच्या पायाशी.
"हा ढकलणारा आहे, ओढणारा नाही."

मे महिन्यात, तळ्याकाठच्या डाव्या वळणावर
इंजिन गप्प झालं.
टाकीत अठरा लिटर.
आडात होतं, तरी पोहऱ्यात येत नव्हतं.
वळणावर सगळं पेट्रोल उजव्या भिंतीला जाऊन चिकटलं
आणि पंपानं कोरडी हवा गिळली.
मी गवतावर बसले. डास आले.
सिक्स्तेन फोनवर इतका हसला की खोकला आला त्याला.
मग लिटरभराची एक कळशी विकली मला, अ‍ॅल्युमिनियमची:
छोटा पंप ती भरत राहतो,
मोठा त्यातूनच पितो,
टाकी कितीही हेलकावू दे.

हे सगळं मी दर रविवारी बाबांना सांगायचे,
वृद्धाश्रमात, खिडकीजवळ.
ते ऐकायचे आणि विचारायचे,
"चोक ओढलास का?"
पहिले तीन रविवार मी हो म्हटलं.
चौथ्याला खरं सांगितलं:
बाबा, चोक नाही आता. कॉम्प्युटर ठरवतो.
त्यांनी माझ्याकडे पाहिलं,
चुकून दुसऱ्याच खोलीत शिरलेल्या नर्सकडे पाहतात तसं.

रिकामी मूठ डॅशबोर्डवर होतीच अजून.
त्या रात्री तिच्या मागे एक स्विच बसवला,
पंपाच्या रिलेची वायर त्यातून फिरवली.
सिक्स्तेनला विचारलं नाही.

जूनमध्ये त्यांना खाली आणलं,
स्टिअरिंगमागे बसवलं. रात्रीचे दहा, लख्ख ऊन.
हात चाचपत गेला आणि बरोब्बर मुठीवर थांबला.
अर्धी ओढली. थांबले. आणखी जराशी.
मागे पंप गुणगुणला,
कळशी भरली,
काटा तीनवर येऊन उभा राहिला.

"उणे वीस असेल तर अजून एक बोटभर," ते म्हणाले.

लक्षात ठेवते, म्हटलं,
आणि त्यांच्या हातावरून हात नेऊन किल्ली फिरवली.